बिनतारी स्पीकरची तार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आत्ता माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो आहे तो कुठल्याही तारेशिवाय. केंद्राच्या मनोऱ्यावरून लहरी निघाल्या, गावावरून, टेकड्यांवरून आल्या, तुमच्या भिंतीतून आरपार गेल्या आणि फळीवरच्या रेडिओत शिरल्या. आपल्याकडं या प्रकाराला ‘बिनतारी’ असा नेमका शब्द आहे. मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, म्हणजे घरात बिनतारी आवाज येण्याची आपल्याला जवळजवळ शंभर वर्षांची सवय आहे. पण आता एक करा. तुमच्या त्या रेडिओच्या पाठीमागं हात घालून बघा. एक तर आत सेल आहेत, नाही तर एक वायर प्लगकडं गेलेली आहे. निरोप हवेतून येतो. तो मोठ्यानं बोलून दाखवायची ताकद हवेतून येत नाही.

हे आधीच सांगतो, कारण दुकानातल्या खोक्यावर ‘वायरलेस’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि ते वाचून माणसांची समजूत होते की हा स्पीकर फुलदाणीसारखा कुठंही ठेवावा आणि गाणी ऐकावीत. मी गेली पंचवीसेक वर्षं पुण्यात आणि आसपास घरोघरी स्पीकर, अँप्लिफायर बसवून देण्याचं काम करतो. तारेचा आपल्याला नेमका त्रास काय आहे हे ज्यांनी आधी ओळखलं, त्यांना बिनतारी संच घ्यावा की नाही हे मला विचारावं लागलं नाही. म्हणून थोडं तारेबद्दल बोलू.

साधारण २००० सालानंतर आपल्या मध्यमवर्गीय घरांत डीव्हीडी आली आणि तिच्यामागून होम थिएटर आलं. पुढं तीन स्पीकर, मागं दोन आणि घुमणाऱ्या आवाजासाठी एक मोठा डबा, म्हणजे सबवूफर. पुढच्या तिघांचं काही अडत नाही, ते टीव्हीच्या टेबलावरच असतात. भांडण मागच्या दोघांवरून. आपल्या फ्लॅटचा दिवाणखाना डोळ्यांसमोर आणा. एका भिंतीला टीव्ही, समोरच्या भिंतीला सोफा, आणि या दोन भिंतींच्या मध्ये एका बाजूला घराचा मुख्य दरवाजा, दुसऱ्या बाजूला गॅलरी किंवा स्वयंपाकघराकडं जाणारा रस्ता. टीव्हीकडून सोफ्याच्या मागं जाणारी वायर कुठूनही नेली तरी एक उंबरा ओलांडतेच. दाराच्या चौकटीवरून न्यावी तर ती दिसते, आणि घरातल्या बाईंची पहिली अट असते की वायर दिसता कामा नये. सतरंजीखालून न्यावी तर पायाखाली येते. झाडू तिच्यात अडकतो, पुसणारी बाई ती ओढून बाजूला करते, आणि महिनाभरानं फोन येतो की डावा स्पीकर बोलत नाही.

भिंतीत झिरी मारून आतून वायर नेणं हा पक्का उपाय. पण आपल्या भिंती विटांच्या, काँक्रीटच्या. परदेशातल्या लाकडी चौकटीच्या, आतून पोकळ भिंतींसारखी इथं वरून सोडलेली वायर खाली निघत नाही. छिन्नी आणली की धूळ आली, मग प्लॅस्टर, मग रंग, आणि रंग जुन्याशी जुळत नाही म्हणून अख्खी भिंत. भाड्यानं राहणाऱ्यांना तर तो विचारही करता येत नाही. अकरा महिन्यांचा करार, आणि भिंतीला भोक पाडलं तर घरमालक डिपॉझिटमधून कापून घेणार. अशा घरात बिनतारी संच ही चैन नसते, सोय असते.

आता हा संच असतो तरी काय? दोन पेट्या. एक लहान, ती टीव्हीजवळ किंवा अँप्लिफायरजवळ ठेवायची. तिला म्हणायचं ट्रान्समीटर, म्हणजे पाठवणारी. ती आवाजाचा विद्युतसंदेश घेते, त्याचे आकडे करते आणि रेडिओलहरीवर चढवून सोडून देते. दुसरी पेटी सोफ्याच्या मागं. ती घेणारी. ती लहरीतले आकडे वेचून परत आवाजाचा संदेश बनवते, आणि तिच्याच पोटात एक छोटा अँप्लिफायर असतो, तो तुमचे नेहमीचे तांबड्या-काळ्या वायरीचे स्पीकर वाजवतो. म्हणजे तुमचे जुने, चांगले स्पीकर फेकून द्यावे लागत नाहीत. या संचाचा हा मोठा गुण. पण नीट बघा, घेणाऱ्या पेटीपासून स्पीकरपर्यंत वायर आहेच. दोन स्पीकर सोफ्याच्या दोन टोकांना असतील तर एका टोकाकडून दुसरीकडं वायर जाणारच. फक्त ती सोफ्याच्या मागं लपते. आणि घेणाऱ्या पेटीला वीज हवी, म्हणजे प्लग हवा.

इथंच पुष्कळांची फसगत होते. जुन्या इमारतींत खोलीला मिळून एक स्विचबोर्ड, तो दाराशी, आणि त्यावर फार तर दोन प्लग. सोफ्याच्या मागं प्लग कुठून आणायचा? मग एक्स्टेंशन बोर्ड येतो, त्याची पाच मीटरची वायर सतरंजीखालून जाते. आता हिशेब करा. पन्नास वॉटचा आवाज आठ ओहमच्या स्पीकरला द्यायला वायरीत वीसेक व्होल्ट असतात. त्या वायरीला चुकून हात लागला तर काही होत नाही. तुम्ही ती काढली आणि तिच्या जागी २३० व्होल्टची वायर पायाखाली अंथरली. रांगणारं मूल असलेल्या घरात मी हे करून देत नाही. सरळ सांगतो की आधी इलेक्ट्रिशियनकडून सोफ्यामागं प्लग काढून घ्या, नाही तर पूर्वीची तार बरी होती.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, खरेदीच्या वेळी उपयोगी पडेल. पूर्वी टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर हजारो वॉट ‘पीएमपीओ’ असं छापलेलं असे. त्या आकड्याला फारसा अर्थ नव्हता. बिनतारी संचांच्या खोक्यांवरही वॉट फुगवून लिहिलेले दिसतात. पण सोबत येणारा अडॅप्टर खोटं बोलत नाही. त्यावर बारीक अक्षरात २४ व्होल्ट, २ अँपिअर असं काही लिहिलेलं असतं. दोघांचा गुणाकार करा. अठ्ठेचाळीस वॉट. पेटीला त्याहून जास्त वीज मिळतच नाही, तर ती सतत शंभर वॉटचा आवाज देणार कुठून? थोडी घट धरली तर दोन स्पीकरना मिळून चाळीसेक, म्हणजे एकेकाला वीस. घरात वीस वॉट पुष्कळ होतात हो, त्याबद्दल तक्रार नाही. खोक्यावरच्या आकड्याचे पैसे मोजू नका, एवढंच.

आता ज्याबद्दल बोलावं म्हणून मी हे आमंत्रण घेतलं, त्याकडं येतो. ती गोष्ट म्हणजे उशीर.

तार आणि हवा यांच्यातला खरा फरक अंतराचा नाही, वेळेचा आहे. तारेतून संदेश निघाला की तत्क्षणी पोचतो. बिनतारी संचात आवाजाचे आकडे करायचे, त्यांच्या पुड्या बांधायच्या, पाठवायच्या, एखादी पुडी वाटेत हरवली तर पुन्हा मागवायची, पलीकडं सोडायच्या. या सगळ्याला वेळ लागतो. खास स्पीकरसाठी केलेल्या संचांत तो साधारण पंधरा ते पंचवीस मिलिसेकंद असतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये मात्र दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद सहज जातात.

वीस मिलिसेकंद म्हणजे किती? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद. तेव्हा वीस मिलिसेकंद उशीर म्हणजे तो स्पीकर सात मीटर लांब नेऊन ठेवल्यासारखा. दोनशे मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ सत्तर मीटर लांब, रस्त्यापलीकडच्या इमारतीत. हा हिशेब मनात ठेवला की बाकीचं सगळं समजतं.

हेल्मुट हास नावाच्या संशोधकानं १९४९ साली जर्मनीत गोटिंगेनला आपला प्रबंध लिहिला. एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतरानं आला तर कान काय करतो, हा त्याचा विषय. दुसरा आवाज तीस-पस्तीस मिलिसेकंदांच्या आत आला, तर कानाला दोन आवाज ऐकूच येत नाहीत. एकच ऐकू येतो, आणि तो जिथून आधी आला तिथूनच आल्यासारखा वाटतो. फरक पन्नासच्या बराच पुढं गेला की बोलण्याचा प्रतिध्वनी ऐकू यायला लागतो, जसा मोकळ्या मैदानातल्या सभेत लांबच्या कर्ण्यामुळं येतो.

यावरून एक नियम निघतो. पुढच्या जोडीतला डावा स्पीकर तारेवर आणि उजवा बिनतारी, असं कधी करू नये. दोघे एकाच आवाजात वाजत असले तरी गाणं सगळं डावीकडं सरकलेलं वाटेल, कारण डावा आधी बोलतो. दोघेही एकाच संचावर टाकले तर काही बिघडत नाही, दोघांनाही सारखाच उशीर. मागच्या स्पीकरना वीस मिलिसेकंदांचं वावडं नसतं. जुन्या डॉल्बी प्रो-लॉजिक पद्धतीत तर मागचा आवाज मुद्दाम पंधरा ते तीस मिलिसेकंद उशिरा सोडत असत, म्हणजे संवाद समोरून आल्यासारखे वाटावेत. तरीही ज्यांच्याकडं चांगला रिसीव्हर आहे त्यांनी त्याच्या यादीत स्पीकरचं अंतर लिहायची सोय असते ती बघावी. मागचा स्पीकर दोन मीटरवर असेल तर नऊ मीटर लिहा. रिसीव्हर समजतो की हा बिचारा लांब आहे, आणि बाकीच्यांना तेवढं थांबवून धरतो. सबवूफर तर सर्वांत सोपा. त्याला स्वतःचा प्लग आधीपासून असतोच, आणि एवढा खालचा सूर कुठून येतो हे कानाला नीट उमगत नाही, म्हणून तो बिनतारी केला तरी कुणाला कळत नाही. हल्ली साउंडबारबरोबर येणारे बहुतेक सबवूफर असेच असतात.

पण होम थिएटर सोडा. या संचाचा मला स्वतःला सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो वेगळाच. चिंचवडच्या एका घरातली हकीकत सांगतो.

गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिची खुर्ची गॅलरीच्या दाराशी, उजेडासाठी. टीव्ही तिथून चार मीटरवर. आजींना ऐकू कमी यायचं. कानाचं यंत्र घेतलं होतं, पण ते ‘डोक्यात भांडी पडल्यासारखं वाजतं’ म्हणून डब्यात. मग टीव्हीचा आवाज चाळीस-पंचेचाळीसवर. शेजारचे येऊन दोनदा सांगून गेले. नात दहावीला, तिचं आतल्या खोलीत दार लावून घेणं. सून काही बोलत नव्हती, पण बोलत नव्हती यातच सगळं आलं. आणि आजी? आधी त्या विचारायच्या, ‘काय म्हणाला रे तो?’ मुलगा सांगायचा. पुढं पुढं ‘काही नाही गं आई’ म्हणायला लागला. नंतर त्यांनी विचारणंच सोडलं. संध्याकाळी सगळे बसायचे तेव्हा त्याही बसायच्या, चित्रं बघत.

माझ्याकडं गृहस्थ आले ते मोठा स्पीकर विकत घ्यायला. म्हणाले, ‘आईसाठी जास्त वॉटचा द्या.’ मी म्हटलं, ‘साहेब, वॉट नकोत, अंतर कमी करू.’ उघड्यावर अंतर निम्मं केलं की थेट कानावर येणारा आवाज सहा डेसिबलनं वाढतो. चार मीटरचे दोन, दोनाचा एक, एकाचा अर्धा. तीनदा निम्मं केलं, अठरा डेसिबल मिळाले. तेवढंच टीव्हीकडून हवं असेल तर त्याला साठपट ताकद लावावी लागेल. शिवाय आपल्या खोल्यांत गुळगुळीत फरशा, उघड्या भिंती. लांबचा आवाज त्यांच्यावर आपटून आपटून कानाशी येतो तेव्हा त्याचा लगदा झालेला असतो. म्हाताऱ्या कानाला त्यातली ‘स’, ‘श’, ‘ट’ ही बारीक अक्षरं वेगळी काढता येत नाहीत. जवळच्या स्पीकरमधून थेट आवाज येतो, लगदा मागं पडतो. आवाज मोठा करण्यापेक्षा जवळ आणणं हे केव्हाही चांगलं.

तार टाकणं शक्य होतं, पण तिच्या वाटेवरूनच आजी रात्री काठी टेकत बाथरूमला जायच्या. त्या वयात पाय अडकून पडणं म्हणजे खुब्याचं हाड, आणि पुढचं आपण सगळे जाणतो. म्हणून तार नको, हे तिथं ठरलेलंच होतं. खुर्चीमागं एक प्लग होता, त्यावर डासांचं मशीन लावलेलं.

मुलानं आधी एक प्रयोग करून पाहिला होता. नातीचा ब्लूटूथ स्पीकर आजींच्या शेजारी ठेवला. ब्लूटूथ जोडल्याबरोबर टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद. बऱ्याच टीव्हींत असंच होतं, मग आजींना ऐकू येतं आणि बाकीचे मुके. त्यांनी खटपट करून दोन्ही चालू केले, तर टीव्हीतला माणूस बोलतो आणि पाव सेकंदानं आजींच्या कानाशी तेच वाक्य पुन्हा. आजी म्हणाल्या, ‘हा मागून मला चिडवतोय.’ दोनशे मिलिसेकंद! हासच्या भाषेत सांगायचं तर दोन आवाज एक होणं शक्यच नव्हतं.

आम्ही स्पीकरसाठीचा खास संच लावला. पाठवणारी पेटी टीव्हीच्या मागच्या ‘ऑडिओ आउट’ला, म्हणजे टीव्ही आपला चालूच राहतो. (तुमच्या टीव्हीला फक्त ऑप्टिकल भोक असेल तर ते घेणारी पेटी निवडा, आणि टीव्हीच्या यादीत आवाज ‘पीसीएम’वर ठेवा, नाही तर काही संचांतून नुसती शांतता येते.) आजींच्या शेजारी स्टुलावर एक लहान स्पीकर, कानाच्या उंचीवर, आणि ज्या कानानं बरं ऐकू येतं त्या बाजूला. त्यांचा डावा. आता गंमत बघा. टीव्हीचा आवाज चार मीटर चालून आजींपाशी येतो त्याला बारा मिलिसेकंद लागतात. संचाचा उशीर वीसच्या आसपास. फरक राहिला आठ-दहाचा. कानाला तो कळतसुद्धा नाही.

घेणाऱ्या पेटीवर आवाजाचं बटण होतं, ते आजींच्या हाताशी आलं. सगळं लावून झालं, कुठलीशी मालिका चालू होती. आजींनी पाचेक मिनिटं ऐकलं आणि मुलाला म्हणाल्या, ‘अरे, त्या टीव्हीचा आवाज जरा कमी कर.’ त्या घरात हे वाक्य कित्येक वर्षांत कुणी आजींच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘हा मेला इतके दिवस काय पुटपुटतो ते आज कळलं. काही विशेष नव्हतं हो!’ सून स्वयंपाकघरातून हसली.

एक खुलासा करतो. हा संच म्हणजे कानाचा इलाज नव्हे. ऐकू कमी येत असेल तर आधी तपासणी करून घ्यावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे, आणि बहुतेक मोठ्या रुग्णालयांतही तपासणी होते. डब्यात ठेवलेलं यंत्र नीट जुळवून घेता येतं, त्याला चार-पाच फेऱ्या माराव्या लागतात एवढंच. नवी काही यंत्रं थेट टीव्हीचा आवाज पकडतात. २०२० साली ब्लूटूथची कमी उशिराची नवी आवाजपद्धत जाहीर झाली, ती यंत्रांत आणि टीव्हीत दोन्हीकडं असेल तर शेजारी स्पीकर ठेवायचीही गरज उरत नाही. पण दोन्हीकडं असायला हवी, हे घेण्याआधी विचारा.

आता लहरींबद्दल थोडं. सुट्टीवर येणारे भाचे-पुतणे अमेरिकेतून असा संच आणतात. प्रेमानं आणतात, पण दोन गोष्टी बघून घ्या. एक, अडॅप्टरवर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर लावू नका, जळेल. दुसरी गोष्ट सहसा कुणाला माहीत नसते. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा घरगुती उपकरणांसाठी मोकळा आहे. आपल्याकडं ८९० ते ९१५ या पट्ट्यात मोबाइल फोन आपल्या टॉवरशी बोलतात. म्हणजे तिकडचा जुना ९०० मेगाहर्ट्झचा संच इथं लावला तर तुमची गाणी टॉवरच्या कानात जाऊन ओरडतात आणि आळीतल्यांचे फोन तुटायला लागतात. कायद्यानंही ते चालत नाही. आपल्याकडं घरगुती वापरासाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. पाच गिगाहर्ट्झच्या भागात तेव्हा घरात वापरण्यापुरती मोकळीक मिळाली, ती २०१८ मध्ये वाढली. संच यातल्या पट्ट्यांवरचा आणि इथं विकायला मान्यता असलेला हवा.

२.४ गिगाहर्ट्झवर गर्दी फार. वायफाय तिथंच, ब्लूटूथ तिथंच, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिथंच. दूध गरम होत असताना दोन मिनिटं मागचा स्पीकर खरखरतो, ते त्यामुळं. ब्लूटूथ सेकंदाला सोळाशे वेळा वाहिनी बदलत पळतं, म्हणून त्याचं भागतं. स्वस्तातले संच एकाच जागी उभे राहतात आणि धक्के खातात. अशा संचावर वाहिनी बदलायचं बटण असतं, ते वापरून बघा, आणि पाठवणारी पेटी राउटरच्या डोक्यावर ठेवू नका, मीटरभर तरी लांब ठेवा. या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. गणपतीत घर भरलं की चांगला चालणारा संच मधेच अडखळतो याचं कारण हेच. काँक्रीटच्या भिंतीतल्या सळया लहरी अडवतात, पण सर्वांत वाईट म्हणजे लोखंडी कपाट. दोन पेट्यांच्या मध्ये ते आलं की संपलं. पेटी टीव्हीच्या पाठीमागं कोंबू नका, वर, मोकळ्यावर ठेवा. सुरुवातीच्या काळात इन्फ्रारेडवर चालणारे संच येत. ते टीव्हीच्या रिमोटच्या जातीचे, मध्ये कुणी उभं राहिलं की गाणं बंद. जुन्या बाजारात स्वस्तात मिळाला तर मोहात पडू नका.

संच घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याची परीक्षा घ्या, परत करायची मुदत संपायच्या आत. मायक्रोवेव्ह चालू करून बघा. नातवाला खेळ डाउनलोड करायला लावून बघा. दारं बंद करून बघा. आवाज पोकळ वाटला, घुमारा गेल्यासारखा वाटला, तर संचाला नावं ठेवण्याआधी एका स्पीकरच्या तांबड्या-काळ्या वायरी उलट लागल्या नाहीत ना ते पाहा. अशा पाचपैकी दोन तक्रारी मी फोनवरच मिटवतो.

आणि ज्यांचं स्वतःचं घर आहे, रंगकाम किंवा फरशीचं काम निघणार आहे, त्यांना मी अजूनही तारच सांगतो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटर अंतरावर नेली, तर जाऊन-येऊन वीस मीटरला पाव ओहमही अडथळा होत नाही. आठ ओहमच्या स्पीकरला तो तीन टक्के. तिला अडॅप्टर नाही, वाहिनी नाही, मायक्रोवेव्हची भीती नाही, आणि वीस वर्षांनी तिच्यासाठी नवं मॉडेल घ्यावं लागत नाही. बॅटरीवरचे बिनतारी स्पीकर सुटसुटीत खरे, पण त्यांची बॅटरी काहीशे वेळा चार्ज झाली की थकायला लागते.

भिंत फोडलेलीच असेल तर टीव्हीच्या मागून सोफ्याच्या मागपर्यंत एक पंचवीस मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आत टाकून घ्या. विजेच्या पाइपपासून वेगळा, वळणं गोल, काटकोनी नकोत, म्हणजे पुढं कधी वायर ओढायची स्प्रिंग त्यातून सहज जाते. सोफ्यामागं त्याच वेळी एक प्लगही काढून ठेवा, मग तार असो की बिनतारी, दोन्हीला वाट राहील. मागच्या महिन्यात एका गृहस्थांनी मला विचारलं, ‘पाइप टाकला, पण स्पीकर पुढच्या वर्षी घेणार. तोवर त्या पाइपात काय घालू?’ म्हटलं, एक नायलॉनची दोरी ओढून ठेवा आणि दोन्ही तोंडांना टोपण घाला, झुरळं शिरतात.